बेळगावहून पुण्याच्या पोटात : विद्यार्थ्यांची एक दिवसाची भुयारी सहल

(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

राजहंसगड :

आमच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाची सहल दर डिसेंबरात निघते आणि बारीक धार उरलेला गोकाकचा धबधबा किंवा आंबोलीचा घाट पाहून, डबे रिकामे करून, रात्री परत येते. यंदा विभागाच्या बैठकीत मी पुण्याची भुयारी मेट्रो सुचवली तेव्हा दोघा सहकाऱ्यांना हसू आवरले नाही. त्यांचे अगदीच चुकले असेही नाही, कारण सरकत्या जिन्याने खाली जायचे, गार डब्यात बसायचे आणि पुढच्या स्थानकावर उतरायचे, याला अभ्यास म्हणता येत नाही. म्हणून मी स्वतःलाच एक अट घालून घेतली. पेशवाईत ज्या वाटेने पाणी पुण्यात शिरले त्याच वाटेने आपण शहरात शिरायचे, म्हणजे कात्रजच्या तलावापासून निघून शनिवारवाड्यापर्यंत यायचे, आणि त्यातला जो टप्पा मेट्रो आज जमिनीखालून जाते तो मेट्रोने करायचा. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे एक जाळे आणि परवा परवा सुरू झालेले दुसरे, अशी दोन्ही एकाच दिवसात पाहायची.

२६ विद्यार्थी आणि आम्ही दोघी शिक्षिका असा चमू होता. मुले बहुतेक येळ्ळूर, कडोली आणि खानापूर भागातली, काही कन्नड घरांतली. बोगदा म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे लोंढ्याहून गोव्याला जाताना कॅसलरॉक आणि कुळे यांच्या मधल्या घाटात लागणारा रेल्वेचा काळोख येतो. मेट्रोत आधी बसलेली त्यांच्यात चारच होती. शुक्रवारी रात्री धर्मवीर संभाजी चौकातून निघायचे ठरले होते, पण ठरवलेली बस दीड तास उशिरा आली, आणि साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर तुडवून आम्ही कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा चांगले उजाडले होते. पहिला धडा तिथेच मिळाला. बोगद्यातून बाहेर पडून उतरणीला लागल्यावर खाली अख्खे पुणे पसरलेले दिसते. पाण्याला पुण्याकडे जायला वाट कशी मिळाली, हे सांगण्यासाठी मला फळ्यावर नकाशा काढावा लागला नाही.

कात्रजला एकाखाली एक असे दोन तलाव आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, हे काम झाले. वरच्या लहान तलावात गाळ बसायचा, निवळ पाणी खालच्या मोठ्या तलावात यायचे आणि तिथून दगडी बांधणीच्या बंदिस्त नळाने जमिनीखालून शहरात जायचे. या नळाला वाटेत उभी धुराडी ठेवली आहेत, आणि त्यांना जुन्या कारागिरांनी दिलेले नाव मला फार आवडते : उच्छ्वास. दक्षिण पुण्यात एका सोसायटीच्या मागच्या बाजूला, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांच्या आडोशाला, असा एक उच्छ्वास आम्हाला तिथल्याच एका आजोबांनी दाखवला. त्याच्या तोंडावर लोखंडी जाळी होती. तिथे काय झाले ते माझी विद्यार्थिनी खाली लिहिणार आहे.

स्वारगेटला एका विद्यार्थ्याने मला पेचात टाकले. जमिनीखाली जायचे आहे, तर दारात आधी चार पायऱ्या वर का चढायच्या, असे त्याने विचारले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे आणि मार्कंडेयाचे पाणी घरात शिरलेले ज्यांनी पाहिले, त्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना खरे तर हे उत्तर सुचायला हवे. रस्त्यावर पाणी साचले तर ते सरकत्या जिन्याने खाली वाहू नये, यासाठीचा तो उंबरठा असतो. सुचले एका मुलीला, पण पाच मिनिटांनी.

पुढे मंडई स्थानकात गोंधळ झाला. आमच्यातले दोघे फलाटावरच्या पाटीचे छायाचित्र काढण्यात रमले, बाकीची मुले त्यांना बोलावायला मागे वळली, आणि एवढ्या गडबडीत आमच्यातलाच तिसरा कोणी तरी पुढच्या गाडीत चढून निघून गेला. चूक सर्वस्वी माझी होती, कारण चुकामूक झाली तर काय करायचे हे मी वर निघताना सांगणार होते आणि सांगायचे राहून गेले. तो शहाणा मुलगा पुढच्याच स्थानकावर, म्हणजे कसबा पेठेत, उतरून बाकावर बसून राहिला. पुढच्या वर्षी हा नियम बसमध्येच पाठ करून घेणार आहे.

मंडईहून आम्ही वर आलो, पायी शनिवारवाडा पाहिला, फडके हौदाच्या चौकातून कसबा पेठ स्थानकात उतरलो आणि तिथून जिल्हा न्यायालय गाठले, ज्याला पुण्यात सगळे सिव्हिल कोर्टच म्हणतात. ते स्थानक ३३ मीटर खोल आहे, आणि इतक्या खोलवर फलाटावर सूर्यप्रकाश पडतो. पंचवीस मुले वर तोंड करून उभी राहिली होती. शेवटी शिवाजीनगर पाहून उलट गाडीने स्वारगेटला परतलो.

माझे विचारणे असे आहे : असा दिवस पुन्हा आखायचा तर काय वगळावे, काय घालावे? जलव्यवस्थेतले किंवा बांधकामातले जाणकार इथे आहेत, त्यांनी आमच्या चुकाही दाखवाव्यात.

गणपत गल्ली :

बाई, वृत्तांत मनापासून लिहिला आहे, पण पालक म्हणून एक शंका मांडतो, राग मानू नये. दोन रात्री बसमध्ये, एक दिवस पायी, आणि हाती काय, तर मेट्रोची चार तिकिटे आणि एका जाळीतून डोकावणे. आपल्या टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आहे. गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन बेळगावात भरले, आणि हजारो माणसांना पाणी कुठून द्यायचे या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती विहीर खणली गेली. आपल्या किती मुलांनी तिच्या कठड्यावरून आत पाहिले आहे? जवळचे सोडून पुण्याला जायचे कारण निदान मला तरी समजले नाही.

मुठाकाठी बेळगावकर :

मी मूळचा शहापूरचा, गेली अकरा वर्षे पुण्यात राहतो, आणि त्यातली पाच कसबा पेठेत भाड्याच्या खोलीत काढली. त्यामुळे बाईंच्या वृत्तांतातला मेट्रोचा भाग थोडा भरून काढतो.

पिंपरी ते स्वारगेट या मार्गिकेचा शिवाजीनगर ते स्वारगेट हा सहा किलोमीटरांचा टप्पा जमिनीखालून जातो. जाण्यायेण्याचे दोन बोगदे वेगळे असल्याने खोदाई बारा किलोमीटरांची झाली. ती करणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी इथल्या नद्यांची नावे दिली होती, आणि गंमत म्हणजे बोगदा मुठा नदीच्या पात्राखालूनच गेला आहे. खोदाई जून २०२२ मध्ये संपली. शिवाजीनगरपासून जिल्हा न्यायालयापर्यंतचा तुकडा १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला, आणि तिथून स्वारगेटपर्यंतचा उरलेला २९ सप्टेंबर २०२४ ला.

यंत्र कसे चालते ते मुलांना सांगताना मी आमच्या आजीच्या कांडणाची उपमा देतो, पण खरे सांगायचे तर उंदराच्या बिळाची उपमा जास्त बसते. पुढची फिरती थाळी काळा पाषाण कुरतडते, चुरा मागे पट्ट्यावरून निघून जातो, आणि यंत्र हातभर पुढे सरकले की त्याच्या पाठीमागेच काँक्रीटच्या तयार कमानी जोडून गोल कडे पुरे केले जाते. मग त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे जाते. म्हणजे बोगदा खोदला जातो आणि बांधला जातो तो एकाच वेळी. कॅसलरॉकच्या घाटात सुरुंग लावून डोंगर फोडला, तसे इथे वर वाडे उभे असताना करता आले नसते. आमच्या खोलीच्या भिंतीला जुनी तडा होती. खोदाई जवळ यायच्या आधी एक तरुण आला आणि त्या तड्यावर रेघा आखलेली पारदर्शक पट्टी चिकटवून गेला. दर आठवड्याला येऊन तो रेघ सरकली का पाहायचा. यंत्र खालून कधी गेले ते मला कळलेही नाही. घरमालकीणबाई मात्र अजून सांगतात की त्या रात्री फडताळातली भांडी बोलत होती.

गणपत गल्लीतल्या काकांना एवढेच म्हणेन की काँग्रेस विहीर जरूर दाखवावी, पण एका विहिरीवरून जाळे म्हणजे काय ते कळत नाही.

निपाणीकर :

मी पाटबंधाऱ्याच्या कामात ३४ वर्षे काढली, त्यामुळे उच्छ्वासाबद्दल चार ओळी जास्त लिहितो, आणि आधी एक कान उघाडणी करतो.

बाई, जुन्या बंदिस्त नळाच्या तोंडाशी मुलांना ओणवे होऊ देऊ नये. आपल्याकडे पडीक विहिरीत माणूस उतरवण्याआधी कंदील सोडून पाहतात आणि तो विझला तर कोणालाच उतरवत नाहीत, त्यामागे अनुभव आहे. बंद जागेतला वायू जड असला तर तळाशी बसतो आणि त्याला वास असतोच असे नाही. जाळी होती म्हणून निभावले.

आता मुख्य मुद्दा. कात्रजचा नळ आणि आपल्या घरी येणारा, भरून दाबाने वाहणारा लोखंडी नळ या दोन पूर्णपणे वेगळ्या जाती आहेत. कात्रजच्या नळातून माणूस आत शिरून वाकत वाकत का होईना चालू शकतो. पाणी त्याच्या तळातून वाहते आणि वर हवा मोकळी असते. असे पाणी वाहते ते फक्त उतारावर, त्यामुळे संपूर्ण वाटेत उतार सांभाळणे हीच त्या कारागिरांची खरी परीक्षा होती. उतार जास्त झाला तर पाणी चुन्याचे सांधे खाते, कमी झाला तर गाळ वाटेतच बसतो. या दोन्हींच्या मधली रेघ त्यांनी मैलोन्मैल धरली, आणि तीही आजच्या दुर्बिणी हाताशी नसताना.

मग वर हवा मोकळी असताना उच्छ्वास कशाला, असे कोणी विचारील. पावसाळ्यात नळ तुडुंब भरला की आतली हवा कोंडते आणि कोंडलेली हवा पाण्याला अडवते, तेव्हा तिला बाहेर पडायला जागा हवी. वरून पाहिल्यावर प्रवाह चालू आहे की तुंबला आहे, आणि तुंबला असेल तर कोणत्या दोन उच्छ्वासांच्या मध्ये, हे कळायला हवे. आणि गाळ काढायला माणूस उतरवायचा तर त्याला उजेड, हवा आणि दोर सोडायला तोंड हवे. राकसकोपच्या जलाशयातून बेळगावकडे येणाऱ्या मोठ्या जलवाहिनीवर तुम्ही कधी हवेची झडप फुसफुसताना ऐकली असेल, तर तो उच्छ्वासाचाच नातू आहे असे समजा.

मेट्रोच्या बोगद्यालाही हेच तीन प्रश्न सोडवावे लागतात, फक्त उत्तरे वीज देते. हवा मोठ्या पंख्यांनी खेळवतात आणि ती आत-बाहेर करणारी चौकोनी धुराडी वर रस्त्याच्या कडेला उभी असतात, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही. माणसाला सुटायला वाट म्हणून दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या वाटा ठेवतात, म्हणजे एकात धूर झाला तर दुसऱ्यात जाता येते. राहिले पाणी. बोगद्यात थोडा पाझर असतोच. नदीखालून जाणारा बोगदा मधे खोल आणि दोन्ही टोकांना वर असतो, त्यामुळे पाझर सखल जागी गोळा होतो आणि तिथून तो पंपाने उपसावा लागतो. पेशव्यांच्या नळाला अशी खोलगट जागा परवडलीच नसती. म्हणूनच तो नळ दक्षिणेकडून येऊन मुठेच्या अलीकडे, शनिवारवाड्यापाशी, थांबतो, आणि मेट्रो तीच नदी पोटाखाली घेऊन पलीकडे जाते. पुढच्या वेळी मुलांना शनिवारवाड्याच्या दारात उभे करून हा एकच प्रश्न विचारा : नळ इथे का संपला?

पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी :

बाईंनी मला उच्छ्वासाचा भाग लिहायला सांगितला आहे, म्हणून लिहिते. निपाणीकर काकांची कान उघाडणी आम्हा सर्वांना लागू आहे, कारण जाळीला कान लावून बसणारी पहिली मीच होते.

उच्छ्वास माझ्या डोक्याएवढा उंच होता. बाहेरून त्याला कोणी तरी कधी काळी निळा रंग दिलेला होता आणि रंगाचा पापुद्रा निघाला होता तिथे आतला दगड आणि मळकट पांढरा चुना दिसत होता. आमच्या येळ्ळूरच्या जुन्या घराच्या जोत्याला असाच चुना आहे, नख लावले की भुकटी निघत नाही. आम्ही एका पायरीसारख्या दगडावर चढून जाळीवर ओणवे झालो. आत काही दिसत नव्हते, पण हाताला गार लागत होते. मग माझ्या मैत्रिणीने, जिच्या घरी कन्नड बोलतात, जाळीतून एक खडा सोडला आणि मी मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजली. तीनदा सोडला. दोनदा एक सेकंदाच्या थोडे पुढे आवाज आला, आणि तिसऱ्यांदा खडा भिंतीवर आपटल्यामुळे ती नोंद आम्ही रद्द केली. आवाज दगडावर आपटल्याचा नव्हता, डुबुक असा होता.

पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली जाते, म्हणून आम्ही खोली पाच ते सहा मीटर धरली. नंतर जिल्हा न्यायालय स्थानकात उभे असताना तेच गणित उलटे केले. ३३ मीटरांवरून खडा पडायला अडीच सेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल असे उत्तर आले. तिथे खडा अर्थातच टाकला नाही, पण उत्तर आल्यावर सगळ्यांनी एकदा वर पाहिले आणि मनातल्या मनात मोजले.

मेट्रोतली एक गोष्ट बाईंनी लिहिली नाही. मंडईच्या फलाटावर आम्ही उभे असताना माझी वही उघडी होती आणि तिची पाने आपोआप उलटायला लागली. गाडी अजून दिसत नव्हती, तिचा आवाजही आला नव्हता. गाडी बोगद्यातली हवा पुढे ढकलत आणते, पिचकारीतल्या दट्ट्यासारखी, हे बाईंनी तिथेच समजावले. त्यानंतर प्रत्येक स्थानकात आम्ही आधी वही उघडायचो आणि गाडी येणार असे ओरडायचो. तिथली माणसे आमच्याकडे पाहत होती.

अजून एक. माझी मैत्रीण भुयाराला सुरंग म्हणत होती आणि मी तिला सांगत होते की सुरुंग म्हणजे स्फोट. दुपारपर्यंत आमचा वाद चालला. शेवटी बाई म्हणाल्या की संस्कृतातला मूळ शब्द भुयाराचाच आहे, म्हणजे कन्नडने अर्थ जपला आणि आपण त्यात दारू भरली.

अथणीकर :

वरच्या पोरीच्या शेवटच्या वाक्याला मनापासून दाद देतो, आणि त्याच शब्दाच्या निमित्ताने माझे म्हणणे मांडतो. अथणीपासून विजापूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे. आता सरकारी नाव विजयपुर झाले असले तरी आमच्या तोंडात विजापूरच बसले आहे. तिथे तोरवीजवळ सुरंग बावडी या नावाचीच एक भुयारी पाणीव्यवस्था आहे : जमिनीतला पाझर गोळा करणारे भुयार आणि त्यावर ओळीने उभ्या विहिरींसारखी तोंडे. जगभरातल्या धोक्यात आलेल्या वारशांची जी यादी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड काढतो, तिच्यात २०२० साली तिचा समावेश झाला. आपल्या दारातली गोष्ट न्यूयॉर्कच्या संस्थेला दिसली आणि आपल्या सहली गोलघुमटातला प्रतिध्वनी ऐकून, कॉर्न खाऊन परत येतात.

निपाणीकर साहेबांनी नळाच्या दोन जाती सांगितल्या. विजापुरात या दोन्ही जाती शेजारी शेजारी पाहायला मिळतात. तोरवीचे भुयार कात्रजच्या नळासारखे मोकळ्या प्रवाहाचे आहे. दक्षिणेकडचा बेगम तलाव मात्र मुहम्मद आदिलशहाने १६५१ मध्ये बांधला आणि त्याचे पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून, भोवती चुन्याचे पक्के बांधकाम करून, शहरात आणले. हे नळ बंदिस्त आणि भरून वाहणारे होते, म्हणजे आतमध्ये दाब. मातीचा नळ दाबाने फुटू नये म्हणून वाटेत जागोजागी दगडी मनोरे उभारले, २५ ते ४० फूट उंचीचे. पाणी मनोऱ्यात वर चढते, दाब तिथे मोकळा होतो, गाळ तळाशी बसतो आणि पाणी पुढच्या नळात उतरते. या मनोऱ्यांना गंज म्हणतात. आमच्या घरी गंज म्हणजे आमटीचे भांडे, त्यामुळे लहानपणी वडिलांनी तो मनोरा दाखवला तेव्हा मी त्याचे झाकण शोधत होतो.

त्याशिवाय पहिल्या अली आदिलशहाची १५७९ ची चांद बावडी आहे आणि दुसऱ्या इब्राहिमाची १६२० ची ताज बावडी. या उघड्या आहेत, पण शहराच्या पाण्याचे गणित त्यांच्याशिवाय पुरे होत नाही. पुण्याच्या सहलीत वावगे काही नाही. माझी तक्रार एवढीच आहे की पुण्याच्या नळाआधी शंभर वर्षे हे काम आपल्या शेजारच्या जिल्ह्यात झाले होते, आणि मुलांना ते आधी दिसायला हवे होते.

गणपत गल्ली :

अथणीकर साहेबांनी माझ्या मनातले बोलून दाखवले. मात्र माझा विरोध थोडा सैल झाला आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याचे कारण तुमची चर्चा नव्हे. माझा मुलगा त्या २६ जणांत होता. कसबा पेठेत बाकावर बसून राहिलेला तो हाच, हे मला या धाग्यावरून कळले. घरी त्याने चकार शब्द काढला नव्हता. परवा आमच्या गल्लीत गटाराचे झाकण उघडून काम चालले होते, तेव्हा हा तिथे अर्धा तास उभा राहून कामगारांना विचारत होता की आत उतरण्याआधी तुम्ही हवा कशी तपासता. त्यांनी काहीच तपासले नव्हते. त्याने त्यांना झाकण तसेच उघडे ठेवून वेळ जाऊ देण्याचा आग्रह केला आणि ते ऐकलेही. त्याची आई म्हणते की पोरगा वाया गेला.

मुठाकाठी बेळगावकर :

काका, त्याला माझ्यातर्फे एक मिसळ लागू.

एक भर घालतो. स्वारगेटपासून पुढे कात्रजपर्यंत मेट्रो न्यायची आहे आणि तो साडेपाच किलोमीटरांचा सगळा मार्ग जमिनीखालूनच आखला आहे. त्याचे भूमिपूजनही २९ सप्टेंबर २०२४ लाच झाले. म्हणजे नळ ज्या दिशेने आला त्याच्या उलट दिशेने मेट्रो जाणार. तो मार्ग होईल तेव्हा बाईंना कात्रजच्या तलावापासून थेट खालूनच शनिवारवाड्याजवळ पोहोचता येईल. स्वारगेटला स्थानक आणि बसस्थानक जोडण्याचे काम चालू असताना, २०१९ मध्ये, पाण्याचे जुने भुयार खोदाईत सापडले होते आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली होती. कात्रजच्या बाजूला खोदताना उच्छ्वासांचे काय करणार, हा प्रश्न इथल्या इतिहासप्रेमींनी आत्ताच लावून धरायला हवा, असे मला वाटते.

निपाणीकर :

मेट्रोचा बोगदा उच्छ्वासांच्या तळापेक्षा बराच खोल जातो, त्यामुळे बोगद्याची फारशी भीती नाही. भीती आहे ती स्थानकांसाठी वरून खणल्या जाणाऱ्या खड्ड्यांची. नळ नेमका कुठून जातो याची मोजणी खड्डा आखण्याच्या आधी झाली तर वाचेल, नंतर झाली तर वर्तमानपत्रात छायाचित्र येईल.

राजहंसगड :

सर्वांचे आभार. निपाणीकर सरांची सूचना शिरोधार्य आहे, आणि शनिवारवाड्याच्या दारातला त्यांचा प्रश्न मी सोमवारी वर्गातच विचारला. पहिले उत्तर "कारण पेशवे तिथेच राहत होते" असे आले, जे चूक म्हणता येत नाही. दुसरे उत्तर यायला दहा मिनिटे आणि एक आडवा छेद लागला. आता मला वाटते की मी शनिवारवाड्यात उगाच घाई केली. तिथले सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे आम्ही तटावरून पाच मिनिटांत पाहून घेतले. त्याचे पाणी पंपाशिवाय कसे उडत असेल, हे विचारण्याची ती जागा होती.

अथणीकर साहेबांची तक्रार मान्य आहे. जानेवारीच्या चौथ्या शनिवारी आम्ही विजापूरला निघतो. या वेळी बस पहाटे चारला सुटेल आणि आधी बेगम तलाव, मग वाटेतले गंज, शेवटी तोरवी असा क्रम ठेवला आहे. गोलघुमट वेळ उरला तर. गंजांपैकी कोणते आज शेतातून किंवा रस्त्यावरून नीट दिसतात हे आपण कळवलेत तर आमची दोन तासांची शोधाशोध वाचेल. त्याआधीच्या आठवड्यात गणपत गल्लीतल्या काकांच्या सूचनेप्रमाणे काँग्रेस विहिरीवर एक तास घेणार आहे, आणि तिथे मोजणीचा सराव होईल. खडे टाकणे बंद. गवंड्याकडून ओळंबा आणि पन्नास हात सुतळी आणली आहे, दर हाताला गाठ मारायचे काम वरच्या विद्यार्थिनीकडे आणि तिच्या मैत्रिणीकडे दिले आहे. ओणवे कोणी होणार नाही. सुतळी मी स्वतः सोडेन.

अथणीकर :

बाई, पुढच्या रविवारी मी स्वतः दुचाकीवर जाऊन पाहून येतो आणि कोणत्या गंजापर्यंत बस जाते ते कळवतो. अथणीत थांबा घ्यावा, २६ जणांचा चहा आमच्याकडे. सुतळीच्या गाठी हाताच्या ठेवू नका, प्रत्येकाचा हात वेगळा असतो. अर्ध्या मीटरवर मारा.